उशीखालचा खडा

ह्यांना कधी सांगितलं नाही, मुलीला नाही, देवापुढे हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नाही. आज तुम्हाला सांगायला बसलेय. का, ते मात्र विचारू नका, मलाच ते नीट कळलेलं नाही. सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात, दिल्लीतल्या द्वारकेच्या या फ्लॅटवरून दुपारभर विमानं जातात आणि मी बसल्या बसल्या स्वतःशीच भांडत असते. म्हटलं, चलो, एकदा बोलून तरी टाकू. पण सुरुवात कुठून करू?

दगडांपासून करते. दगडांबद्दल मला धड बोलता येतं. माणसांबद्दल बोलायला लागले की माझं तंत्र बिघडतं, ते तुम्हाला पुढे दिसेलच.

मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका लॅबमध्ये खनिजं तपासायची. जन्मभर तेच केलं. तर दोन खडे घ्या — एक नीलम, एक नीली. दोन्ही निळे. दरीब्यातला, म्हणजे इथल्या जुन्या सराफबाजारातला, दुकानदार नीलीला नीलमची धाकटी बहीण म्हणतो आणि खुशाल विकतो. आमच्या लॅबच्या भाषेत ती आयोलाइट. नात्याचा काही संबंध नाही बरं का! नीलम कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल, दहापैकी नऊ. नीली सातच्या जरा वर. नीलमने नीलीवर ओरखडा निघतो, उलटं होत नाही. नीलम पाण्याच्या चौपट जड. नीली अडीचपटीहून थोडीशीच जास्त. प्रकाश नीलममध्ये जास्त वाकतो, म्हणून त्याला ती धारदार चमक असते. आणि नीलीची एक खोड आहे — एका बाजूने पाहिली तर निळीजांभळी, कुशीवर वळवली की पाण्यासारखी, किंचित पिवळट. नीलमही वळवल्यावर जरा रंग बदलतो, पण इतका निर्लज्जपणे नाही.

बघा, किती सरळ आहे. दोन खड्यांतला फरक मी झोपेतही सांगेन. मग ज्याच्यासाठी हे सगळं सांगतेय ते इतकं वेडंवाकडं का झालं?

तेव्हा आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. आई, माझा थोरला भाऊ — दादा — आणि मी. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादा एका मंत्रालयात क्लार्क होता, क्वार्टर त्याच्याच नावावर. मी लॅबमध्ये नुकतीच लागले होते आणि माझ्या डोक्यात इतकी हवा होती की विचारू नका. घरात कुणी शिंकलं तरी मी त्याचं शास्त्रीय कारण सांगायची. दादा मला ‘सायंटिस्ट’ म्हणायचा. चिडवायचाच तो, पण मला आवडायचं.

दादाला ऑफिस नको झालं होतं. बिल्कुल नको. सकाळी डबा घेताना त्याचा चेहरा असा व्हायचा की वाटावं, याला कुणी तुरुंगात पाठवतंय. सतिंदर नावाचा त्याचा एक मित्र पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांपासून ब्लँकेटं काढायचा कारखाना टाकत होता आणि दादाला भागीदार हो म्हणून मागे लागला होता. दादाचा जीव तिकडे ओढ घेत होता. पण सरकारी नोकरी सोडायची? क्वार्टर जाणार, पेन्शन जाणार. आई रडायची, दादा गप्प बसायचा. महिनोन्‌महिने आमच्या घरात वरणभातसुद्धा शोकसभेसारखा जेवला जायचा.

शेवटी आई जोशीबुवांकडे गेली. दिल्लीतल्या अर्ध्या मराठी घरांच्या पत्रिका त्यांच्याकडे असायच्या. त्यांनी सांगितलं की साडेसाती आहे, नीलम घाला. पण नीलम सगळ्यांनाच लाभत नाही. लाभला तर राजा करतो, नाही लाभला तर भोवतो. म्हणून आधी तीन रात्री निळ्या कापडात बांधून उशीखाली ठेवा. चांगली स्वप्नं पडली तर घाला आणि पानिपतला खुशाल जा. वाईट पडली तर खडा परत करा आणि नोकरी सांभाळा. 

आईला हे इतकं पटलं! तिने हातातली एक पाटली मोडली आणि नीलम आणला. दादाही कबूल झाला. मला वाटतं तो थकला होता, कुणीतरी एकदाचं ठरवून टाकावं असं त्याला झालं असावं. म्हणजे माझ्या भावाच्या आयुष्याचा निकाल आता एक खडा देणार होता! मी आकांडतांडव केलं. आई एवढंच म्हणाली, “कुंदे, तुझ्याकडे मशिनं आहेत ना? मग खरा आहे का तेवढं बघून दे. बाकी तुला विचारलंय कुणी?”

मी खडा लॅबमध्ये नेला आणि दुपारच्या सुट्टीत तपासला. हवेत वजन केलं, मग बारीक तारेला टांगून पाण्यात केलं. भिंगाखाली पाहिला, आत रेशमासारख्या सुया होत्या. खरा होता, एक नंबर. आईला दुकानदाराने फसवलं नव्हतं. आणि माझ्या ड्रॉवरमध्ये एक नीली पडली होती, मीच कधीतरी दरीब्यातून तुलनेसाठी घेतलेली. लांबटगोल घाट जवळजवळ तसाच, रंगही तोच. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले...

आता इथे माझा गोंधळ सुरू होतो. मी ते रागाने केलं का? गंमत म्हणून? की खरंच मला वाटत होतं की मी एक प्रयोग करतेय? तेव्हाचं आठवतं ते असं — मी मनात म्हटलं होतं, निळ्या कापडात नीली बांधून देऊ. तीन रात्री झोपू दे त्याला तिच्यावर. मग चौथ्या दिवशी चहाच्या वेळी पर्समधून खरा नीलम काढून टेबलावर ठेवू आणि म्हणू, घ्या, तुमचा निकाल देणारा हा तर माझ्याकडे होता! आईचं तोंड कसं होईल, दादा कसा हसेल, याची मी बसमध्ये बसून उजळणी केली होती. हसत होते एकटीच. शेजारच्या बाईने दोनदा वळून पाहिलं.

मी घरी कापडात नीली दिली. “खरा आहे,” म्हणाले. आई खड्याला हळदकुंकू लावत होती आणि मी ओठ चावून हसू दाबत होते.

तीन रात्री दादा नीलीवर झोपला. पहिल्या दोन दिवसांत काही बोलला नाही. आई त्याच्या चेहऱ्याकडे बघून बघून अर्धी झाली होती. तिसऱ्या सकाळी तो बाहेर आला आणि मी त्याला ओळखलंच नाही हो! असा चेहरा मी बाबा गेल्यापासून पाहिला नव्हता. म्हणाला, मोठं थोरलं अंगण होतं, दोऱ्यांवर रंगीत सूत वाळत घातलेलं आणि मी त्याच्या मधून चालतोय. एवढंच स्वप्न. आई देवापुढे बसून ढसाढसा रडली, मग उठून शिरा करायला घेतला. दादाने माझ्या डोक्यावर टपली मारली, म्हणाला, “सायंटिस्ट, आता तरी मान!”

पर्स माझ्या खांद्याला होती. त्यात नीलम होता. सांगायची वेळ हीच होती.

तुम्ही म्हणाल, मग? मग काय, शिरा झाला. म्हटलं, खाऊ देत, मग सांगू. मग म्हटलं, संध्याकाळी सांगू, आत्ता सगळ्यांना ऑफिसची घाई. संध्याकाळी तो राजीनाम्याचा कागद टाइप करूनच आला. मग म्हटलं, आता सांगितलं तर त्याचा उत्साह जाईल. त्याचा उत्साह? की माझं बिंग? मला एक बारीकशी मजाही येत होती, हे लपवत नाही — घरात एवढी मोठी गोष्ट चाललीय आणि आतली गोम फक्त मला ठाऊक. नाकावर टिच्चून मोठी झाले होते मी त्या घरात. कशाच्या जोरावर? एका चारचौघांत न सांगितलेल्या थट्टेच्या.

अंगठी करायला करोलबागेत सोनाराकडे मीच गेले. आईला नेलं नाही, कारण सोनार खड्याचं वजन करणार आणि ते नीलमपेक्षा कमी भरणार. सोनाराला मी सरळ सांगितलं, नीली आहे. तो “अच्छा जी” म्हणाला आणि कामाला लागला. बघा, सगळ्या जगात त्या एका परक्या माणसाला मी खरं सांगितलं, ज्याला त्याचं काहीही घेणंदेणं नव्हतं.

दादा पानिपतला गेला. आम्ही क्वार्टर सोडलं, करोलबागेत भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. आणि तो सुखात होता — हे मला सांगायलाच हवं. शनिवारी रात्री घरी यायचा, अंगाला लोकरीचा वास, डोक्यात धुरळा, आणि तोंड अखंड चालू. आई अंगठीकडे बघायची आणि हात जोडायची. मी विसरूनही गेले होते. खरंच विसरले होते का? नीलम माझ्या कपाटात होता, साड्यांच्या घड्यांखाली. दर वेळी साडी काढताना हात लागायचा. म्हणजे विसरले नव्हते.

वर्ष उलटून गेलं असेल. जुने स्वेटर, कोट फाडून त्यांची लोकर मोकळी करायचं एक यंत्र असतं, दातेरी रूळ भराभर फिरतो त्यात. त्यात एक बाही अडकली. दादाने ती ओढून काढायला हात घातला. अंगठी दातात अडकली आणि यंत्राने हात आत घेतला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. मधलं, ज्यात अंगठी होती ते, आणि दोन्हीकडची एकेक.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. मला ठाऊक आहे की त्या यंत्राला कठीणपणा नऊ आहे की सात, याच्याशी कर्तव्य नव्हतं. लोखंडाची असती तरी अंगठी अडकलीच असती. पण अंगठी होती कशामुळे? तीन रात्रींच्या निकालामुळे. आणि चौथ्या दिवशी मी पर्स उघडली असती तर? दादा हसला असता, मला दोन शिव्या घातल्या असत्या, आणि मग जाणं न जाणं त्याने स्वतःच्या डोक्याने ठरवलं असतं. गेलाही असता कदाचित. पण अंगठी न घालता गेला असता. इथवर माझा हिशेब बरोबर येतो, आणि मग कुठेतरी फिसकटतो. कारण रात्री दुसराच विचार येतो, सांगायची लाज वाटते असा — की खरा नीलम त्याच्या हातात असता तर? वाचला असता का तो? शी! मी असा विचार करतेय? मी?

दादा मात्र वेगळ्याच मातीचा. हॉस्पिटलमध्येच म्हणाला, शनिमहाराज मोठे व्यवहारी, तीन रात्री झोपवलं आणि तीन बोटं घेतली. डाव्या हाताने लिहायला शिकला. सतिंदरने त्याला सोडलं नाही, हे सतिंदरचं मोठेपण. दादा नंतर कारखान्याचं बाहेरचं सगळं बघायला लागला. आज गुरुग्राममध्ये मुलाकडे विसाव्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट बंद पडली की मला फोन करून हसतो. त्याने खड्याला कधी दोष दिला नाही.

दोष आईने घेतला.

नातेवाईक भेटायला यायचे आणि सगळ्यांचं एकच — नीलम भोवला. काकू तर तोंडावर म्हणाली, “वहिनी, पोरगा नोकरीत सुखाने होता हो. तुम्ही कशाला भरीला पडलात?” तोडलेली अंगठी हॉस्पिटलने कागदाच्या पुडीत दिली होती. आई म्हणाली, हा खडा घरात नको, वाहत्या पाण्यात सोडायचा. तिला बसने यमुनेच्या पुलावर मीच घेऊन गेले. तिने पुडी सोडली, खड्याची क्षमा मागितली. खड्याची! म्हणाली, तुझा मान राखता आला नाही मला. मी शेजारी उभी होते. पाण्यात नीली गेली आणि नीलम घरी माझ्या साड्यांखाली होता. तेव्हाच तिथेच तिला सांगायला हवं होतं. पण पुलावर ट्रक होते, हॉर्न होते, ती पदराने डोळे पुसत होती, आणि मी म्हटलं, आई, चल, बस निघेल.

त्यानंतर आईचे हात बदलले. म्हणजे हातांना काही झालं नव्हतं, पण ती कुणाला हाताने काही देईनाशी झाली. जेवण करायची, पण पान वाढायला मला सांगायची. दादाचं लग्न उशिरा ठरलं. सुनेला मंगळसूत्राच्या वाट्या, बांगड्या, सगळं काकूच्या हातून द्यायला लावलं. “माझ्या हातचं नको बाई,” एवढंच म्हणायची. दादाला मुलगा झाला तेव्हा मनगट्या आणल्या होत्या, काळे मणी आणि सोन्याचे मणी ओवलेल्या. दादा म्हणाला, आई, तूच घाल. ती मागे सरकली. अशी सरकली, जणू चुलीतलं काही हातात घे म्हटलंय. मनगट्या शेवटी मी घातल्या. मी! माझ्या हातांनी चाललं!

कितीदा वाटलं, आज बोलू. एक वाक्य तर होतं. आई, तू दिलेला खडा त्याने कधी घातलाच नव्हता. झालं. एवढ्याने तिचे हात मोकळे झाले असते. वर्षांमागून वर्षं मी ते वाक्य तोंडात घोळवलं. पण त्याच्यामागून दुसरं वाक्य आपोआप आलं असतं — मग त्याने काय घातलं होतं, आणि ते कुणी दिलं? माझं लग्न झालं, मुलगी झाली, ऑफिसात बढती मिळाली. लोक मला घरचे खडे दाखवायला आणायचे, मावशी, जरा बघा ना खरा आहे का. मी बघायची आणि सांगायची. माझा शब्द प्रमाण होता आमच्या सोसायटीत.

आणि एक वेडेपणा सांगू? मधूनमधून मी तो नीलम पुन्हा तपासायची. लॅबमध्ये लपवून नेऊन वजन करायची, पाण्यात टांगायची. मनात यायचं, आपली चूक तर झाली नसेल? कदाचित त्या दिवशी धांदलीत खरा नीलमच कापडात गेला असेल आणि नीली माझ्याकडे राहिली असेल? म्हणजे मग मी काही केलंच नाही! दर वेळी उत्तर चारच्या आसपास यायचं. दर वेळी मी तार पुसून, खड्याला चिकटलेले बुडबुडे ब्रशने काढून पुन्हा वजन करायची. चारच.

आता राहिलेलं सांगते. आत्तापर्यंत जे बोलले ते सगळं पोरवयातल्या मूर्खपणावर ढकलता आलं असतं. हे नाही ढकलता येत.

आई शेवटी माझ्याकडे होती, इथेच, द्वारकेला. अंथरुणाला खिळली होती, पण डोकं लखलखीत. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, “कुंदे, एक विचारू? खरं सांगशील?” मी म्हटलं, विचार ना. तर म्हणाली, “तो नीलम तू मशिनवर बघितला होतास. खोटा तर नव्हता ना गं? कधी कधी वाटतं, खोटा असला तर बरं. काचेचा तुकडा असला तर तो कशाला भोवेल? मग ते नुसतं मशिनने झालं, माझ्याने नाही.”

इतकी वर्षं ती हे मनात धरून बसली होती. आपल्याला दुकानदाराने फसवलेलं असावं, अशी इच्छा धरून! आणि दार तिने स्वतःच उघडून दिलं होतं. मला पूर्ण खरंसुद्धा सांगावं लागलं नसतं. “हो आई, खोटा होता, तेव्हा तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही,” इतकं म्हटलं असतं तरी भागलं असतं. माझ्यावर काहीच आलं नसतं. फार तर म्हणाली असती, अगं मग आधी नाही का सांगायचं.

मी म्हटलं, “नाही आई, खरा होता तो. अगदी खरा.”

का? मी हे स्वतःला इतक्यांदा विचारलंय की प्रश्नाचा चोथा झालाय. माझं निदान खोटं ठरू नये म्हणून? कुणी खरा का विचारलं की तोंडातून तेच यायची सवय म्हणून? खडा खराच होता म्हणून मी खोटं बोलले नाही, असं म्हणू? म्हटलं तर जीभ झडेल माझी. की एवढी वर्षं तिने भोगलं ते उगाचच, हे तिला कळू नये असं वाटलं? हेही नाही. यातलं काहीच धड बसत नाही. मी दुष्ट आहे का? तसं वाटत नाही. पण दुष्ट माणसाला तरी कुठे वाटत असेल?

आई “हं” म्हणाली. मग म्हणाली, “म्हणजे माझंच.” मी फणी उचलली आणि वेणी घालून दिली.

त्यानंतर ती महिनाभर तरी होती. शुद्धीवर होती, बोलत होती, चहात साखर कमी झाली तर कुरकुरत होती. रोज दुपारी मी तिच्याजवळ बसायचे. घरात दुसरं कुणी नसायचं. मी सांगितलं नाही.